नवा कॉम्प्युटर नेटवर्कवर दिसत नाही? आधी हे बघा

पुन्हा विंडोज टाकायची घाई करू नका. नव्या मशीनवर बहुतेक वेळा नेटवर्क 'पब्लिक' प्रकारात धरलेलं असतं, आणि तसं असलं की फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी जोडणी रोखणारा विंडोजचा पहारेकरी) शेअरिंग अडवून ठेवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करा, मग नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू करा. घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच हं, बाहेरच्या वायफायवर अजिबात नको.

तरी दिसत नसेल तर नावाचा नाद सोडा. रन खिडकीत (विंडोज की आणि R एकत्र दाबा) दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि पुढे त्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, टाका. फोल्डर उघडलं तर शेअरिंग ठीक आहे, घोळ फक्त नाव सापडण्यात आहे. नाहीच उघडलं तर ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगची वाट, अडलंय का बघा; बाहेरून आणलेले अँटीव्हायरस हा उद्योग गुपचूप करतात.

पासवर्ड मागून नाकारत असेल तर नीट ऐका, इथे सगळेच अडकतात. लॉगिनचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मी तर शेअरिंगसाठी वेगळं लोकल, म्हणजे त्या मशीनपुरतं, खातं उघडून देतो, कटकट मिटते. फोल्डरला परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंग आणि सिक्युरिटी. दोन्हींत जी कडक, ती लागू.

जुनं स्टोरेज किंवा स्कॅनर असेल तर तो एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, मागत असेल. ते चालू करू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला. आधी त्या उपकरणाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा.

प्रिंटरला वायफाय असेल तर तो थेट आयपीने जोडा, शेअर करायची गरजच नाही.