स्प्लेंडरला 100 ऑक्टेन कशाला?
मित्रा, ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णतेने आपोआप पेट घेण्याला ते किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. तुझ्या स्प्लेंडरचं कम्प्रेशन, म्हणजे इंजिन पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबतं ते, 10:1 च्या आसपास. तिला साधं पेट्रोल पुरतं. एक्सपी 100, म्हणजे इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, भरून पिकअप वाढणार नाही, पैसे मात्र जातील. 12:1 च्या पुढची स्पोर्ट्स बाइक असेल तर गोष्ट वेगळी. मॅन्युअलमध्ये 95 लिहिलं असेल तर 95च भर, पंपवाला काहीही सांगो.

घाटात वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर इंजिनातून टकटक (पेट्रोल आपोआप पेट घेत असल्याची खूण) ऐकू आली, तर आधी गिअर खाली टाक. तरीही आवाज राहिला तर एक टाकी वरच्या ऑक्टेनची भरून बघ. त्यानेही थांबला नाही, तर मेकॅनिककडून प्लग आणि आतला कार्बन तपासून घे.