स्वस्तात मोठी गाडी मिळतेय, घेऊ का?

प्रश्न: नमस्कार सर, तुमचं सदर नेहमी वाचतो. मला २०११ ची बीएमडब्ल्यू ७५० एलआय मिळतेय, व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आतून बघितली तर अजून नवीकोरी वाटते आणि किंमत म्हणाल तर नवी साधी सेडान जेवढ्याला येते तेवढीच. एजंट म्हणतो गाडी एकदम मक्खन आहे, ऑइल थोडं पिते पण या इंजिनात ते नॉर्मल असतं, गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे त्यामुळे तिथे खर्चच नाही. सर्व्हिसचं रेकॉर्ड पहिल्या काही वर्षांचं आहे, मग मालक बदलले तसं ते बंद झालं. माझं चालवणं म्हणजे रोज ऑफिसला जाणं-येणं आणि अधूनमधून लांबचा प्रवास. बायको म्हणते ही गाडी पोसता पोसता आपण उपाशी राहू. घेऊ का?

उत्तर: ही गाडी नका घेऊ. जुनी मोठी गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, कुठली चालेल ते पुढे सांगतो, पण ही नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, गाडीची किंमत उतरली म्हणून तिचा खर्च उतरत नाही. हेडलाइट, टर्बो, कंट्रोल युनिट, काचा, या सगळ्याचे भाव पहिल्या मालकाचा खिसा बघून ठरलेले असतात आणि तिसऱ्या मालकासाठी कोणी ते कमी करत नाही. उलट मोठ्या सेडान इतक्या झपाट्याने पडतात त्याचं कारणच हे आहे, बाजार काही खुळा नाही, पुढच्या दुरुस्त्यांचे पैसे त्याने आधीच किमतीतून वजा करून ठेवलेत. म्हणजे तुम्हाला जे स्वस्त वाटतंय तो खरं तर पहिला हप्ता आहे.

आता इंजिनाकडे या. हे ४.४ लिटरचं एन६३, दोन टर्बोवालं, टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. बीएमडब्ल्यूने दोन्ही टर्बो व्हीच्या मधल्या खाचेत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध बसवले. एक्झॉस्टला टर्बोपर्यंत फार लांब जावं लागत नाही म्हणून पाय दाबला की गाडी लगेच उचलते आणि इंजिनही आटोपशीर होतं, हे सगळं खरं, पण प्रचंड तापणारे दोन भाग बरोब्बर मधोमध कोंडून ठेवल्यावर आजूबाजूचे रबरी पाइप, प्लास्टिकचे जोड, व्हॉल्व्हचे सील वर्षानुवर्षं भाजले जाणार की नाही? सील कडक झाले की ऑइल आत झिरपतं आणि जळतं. त्यात इंधन फवारणारे इंजेक्टर आणि टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी, यांच्या तक्रारी वेगळ्या. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, २०१४ च्या अखेरीस बीएमडब्ल्यूने स्वतः अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्यांसाठी कस्टमर केअर पॅकेज नावाची मोहीम काढली, त्यात चेन तपासणं, इंजेक्टर आणि बॅटरी बघणं असं बरंच काही होतं, आणि ऑइल बदलायचं अंतरही कमी केलं. तेव्हा एजंट ‘नॉर्मल’ म्हणतो ते एका अर्थाने बरोबरच आहे, पुष्कळ गाड्यांना हा त्रास आहे, पण घरोघरी मातीच्या चुली असल्या म्हणून धूर काही औषधी होत नाही. व्हॉल्व्हचा सील चिमटीत मावेल एवढा असतो आणि तो स्वस्तच असतो, पैसे जातात ते तिथपर्यंत हात पोचवण्यात.

गिअरबॉक्सच्या लाइफटाइम ऑइलचं पण ऐकून घ्या. तो गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा आहे, आणि झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला, चालवणं कसंय त्यावर थोडं मागेपुढे. खालचा प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच असतो, तो पण बदलतात. गाडी एवढ्या वयाची झाली आणि हे काम कधीच झालं नसेल तर तो गिअरबॉक्स कसा वागेल त्याची जबाबदारी एजंट घेणार आहे का, विचारून बघा.

आणि या सगळ्याहून मला जास्त खटकलं ते रेकॉर्ड. पहिल्या मालकाने कंपनीत सर्व्हिस केली कारण तेव्हा वॉरंटी होती, त्याला पैसेही परवडत होते. रेकॉर्ड जिथे थांबतं तिथूनच महागडी कामं सुरू होतात, आणि नेमका तोच काळ कोरा आहे. मला तर किलोमीटर जास्त पण फाइल पूर्ण असलेली गाडी शंभरदा चालेल.

मग घ्यायची कुठली? एक पायरी खाली या. ७ सिरीजऐवजी ५ सिरीज, मर्सिडीजच्या एस क्लासऐवजी ई क्लास, आणि शक्यतो सहा सिलिंडर, साध्या स्प्रिंगच्या सस्पेन्शनवाली. आराम त्यातही भरपूर मिळतो, आणि बिघडायला वस्तू कमी असतात. सर्वात वरचंच मॉडेल हवं असा हट्ट असेल तर लेक्सस एलएस शोधा, १९८९ मध्ये पहिली आली तेव्हापासून टिकण्याबाबत तिचं नाव आहे. २००० ते २००६ ची एलएस ४३० मिळाली तर बघा, बघणाऱ्याला ती जर्मन गाडीएवढी भारी वाटणार नाही पण तुम्ही आत बसणार आहात, बाहेर नाही. तिलाही खर्च आहेच हं, पुढची एलएस ४६० तर पुढच्या कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश खाते, फक्त इंजिन उघडायची पाळी सहसा येत नाही.

पैशाचं माझं गणित असं, जेवढे ठरवलेत त्याच्या साधारण दोन तृतीयांशात बसेल तीच गाडी बघा आणि उरलेल्याला पहिलं वर्ष हात लावू नका. टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश यातच त्यातले बरेच जातील. आणि खरा प्रश्न पैशाचाही नाही, एखादा पार्ट यायला तीन आठवडे लागले आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर तुम्ही ऑफिसला कसे जाणार? घरात दुसरी गाडी असेल तर हा शौक करा. एकुलती एक गाडी म्हणून नवी साधी सेडान घ्या, बायकोला सांगा तुमचं बरोबर होतं, विषय संपला.

प्रश्न: दादा, मी २००६ ची एस क्लास बघायला जाणार आहे, पेट्रोल व्ही-सिक्स. ओळखीचा मेकॅनिक नाही. बघताना नक्की काय काय बघू?

उत्तर: मेकॅनिक नाही तर शोधा, पैसे देऊन शोधा. या गाड्यांवर रोज काम करणारा आणि मर्सिडीजचा स्कॅनर असणारा हवा, कोपऱ्यावरचा सगळ्या गाड्या करणारा नको. पण जायच्या आधी तुम्हाला स्वतःलाही बरंच कळू शकतं.

विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजा काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद फार बोलतात, चेनचा खडखडाट तेव्हाच ऐकू येतो, निळा धूर तेव्हाच दिसतो. या मॉडेलला हवेचं सस्पेन्शन चारी चाकांना असतं. जमलं तर आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा असं दोनदा जा, रात्रभर उभी राहून एक कोपरा खाली बसला असेल तर त्या बाजूला हवा गळतेय. आता विकणारा म्हणेल की चालू केली की येते वर, काही नाही त्यात. येते वर, पण कोण आणतं, कॉम्प्रेसर. गळती भरून काढायला तो सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो, मग स्ट्रटचा, म्हणजे चाकावरच्या हवेच्या शॉकॲब्सॉर्बरचा, खर्च होताच, त्यात कॉम्प्रेसरची भर.

त्या काळातलं व्ही-सिक्स म्हणजे एम२७२, आणि २००४ ते २००७ च्या आसपासच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं, गिअर लवकर झिजायचं. व्ही-एटमध्ये त्याच्याऐवजी आयडलर गिअर, म्हणजे चेन फिरवणारं मधलं गिअर, झिजायचं. व्ही-सिक्सचं ते गिअर बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणजे तुम्ही समजू शकता. कुठल्या इंजिनापासून सुधारित गिअर बसवलं ते इंजिन नंबरवरून कळतं, तेव्हा नंबर लिहून घ्या आणि मर्सिडीजवाल्याकडून तपासा, किंवा काम झाल्याचं बिल मागा. बिल नाही आणि नंबर जुना, तर गाडी कितीही चकाचक असो, सोडून द्या.

स्कॅनर लावल्यावर एरर दिसत नाहीत म्हणून लगेच खुश होऊ नका. एरर पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, त्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या पण कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. ते अपूर्ण दिसले तर सरळ विचारा, नुकतंच काय पुसलं? किलोमीटरचा आकडाही गाडीत एकाहून जास्त ठिकाणी साठवलेला असतो, मीटर मागे केला तरी बाकीच्या युनिटमधून कधीकधी खरं सापडतं. आणि आकडा कमी असून ब्रेकचं पेडल गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची बाजू दबलीय, असं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा, मीटरवर नको.

कार्पेट उचलून ओल बघाच. सनरूफचे पाणी जायचे पाइप तुंबतात, पाणी आत उतरतं, आणि या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक युनिटं आणि वायरिंग कार्पेटखाली आणि डिकीत भरलेलं असतं. मग कधी सीट हलत नाही, कधी रेडिओ गायब, कधी बॅटरी रात्रीत उतरते, आणि मेकॅनिक महिनाभर नुसता शोधतच बसतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे हमखास सापडतो कारण साफ करणारे तिथपर्यंत जात नाहीत.

टायरवर डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. चारी टायर एकाच चांगल्या कंपनीचे आणि साधारण एकाच वयाचे असतील तर मालक हात आखडता घेणारा नाही. चार कंपन्यांचे चार टायर दिसले की मी तरी तिथूनच परत फिरतो, जो दिसणाऱ्या जागी कंजुषी करतो तो न दिसणाऱ्या जागी काय करत असेल. शेवटी आत बसा आणि प्रत्येक बटण दाबा, मसाज, आपोआप ओढला जाणारा दरवाजा, मागचा पडदा, सगळं. विकणारा वैतागेल, वैतागू द्या.

प्रश्न: माझा रोजचा प्रवास जेमतेम ६ किलोमीटर, तोही गर्दीतून. ॲव्हरेज चांगलं मिळतं म्हणून बीएमडब्ल्यूची डिझेल ५२० डी बघतोय, बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. डिझेलच्या एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला इंजिन चांगलं तापून सलग काही वेळ मोकळ्या रस्त्यावर चालावं लागतं, ६ किलोमीटरच्या गर्दीत ते कधीच होणार नाही आणि फिल्टर तुंबेल, त्यात वाचवलेलं सगळं डिझेल जाईल. शिवाय २००७ नंतरच्या काही वर्षांतलं चार सिलिंडरचं एन४७ इंजिन असेल तर त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, आणि ती झिजते म्हणून बदनाम आहे. मागून खसखस असा घासल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच ठेवून या. तुमच्यासाठी पेट्रोल, आणि एवढ्याशा प्रवासाला खरं म्हणजे छोटी गाडी.

प्रश्न: कंपनीच्या सर्टिफाइड शोरूममधून घ्यावी की थेट मालकाकडून? शोरूमवाला बराच जास्त भाव सांगतोय पण एक वर्षाची वॉरंटी देतोय.

उत्तर: जास्तीचे पैसे तुम्ही वॉरंटीसाठी देताय, तर मग वॉरंटीचा कागद आधी घरी आणून वाचा, गाडी नंतर बघा. काय कव्हर आहे ते सगळे मोठ्या अक्षरात सांगतात, तुम्ही काय नाही ते बघा. हवेचं सस्पेन्शन, टर्बो, स्क्रीन आणि इलेक्ट्रॉनिक्स, ऑइलची गळती, हे चार त्यात आहेत का, एका क्लेमला जास्तीत जास्त किती देतात, आणि काम कुठेही करता येतं की त्यांच्याकडेच. चारी आत असतील आणि मर्यादा गिअरबॉक्स बदलण्याइतकी असेल तर जास्तीचा भाव देऊन टाका. यातली दोन जरी बाहेर असतील तर थेट मालकाकडून घ्या, मात्र गाडी त्याच्या घरी उभी असेल तिथे जाऊन बघा, फाइल मागा, आणि चक्कर मारून परत येताना त्याला चालवायला सांगून तुम्ही शेजारी बसा, तो खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर गाडी कशी घालतो ते नीट बघून घ्या.