खोडलेलं आधी वाच

प्रिय मुली,

तुझं टिपण वाचलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6 मध्ये 20 डिसेंबर 2004 ही तारीख कुठून आली, हे न कळल्यामुळे तू समासात प्रश्नचिन्ह काढून पुढे सरकलीस. मुलींना हिस्सा देणारी दुरुस्ती अमलात आली 9 सप्टेंबर 2005 ला. मग त्याआधीच्या वाटण्या आणि विक्री अबाधित ठेवताना रेघ साडेआठ महिने मागे का ओढली? प्रश्न अचूक होता. पण तू कायद्याचं पुस्तक सोडून जागची हलली नाहीस, याचा मला राग आला.

20 डिसेंबर 2004 ला हे विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा मिळणार, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळलं. ते कळल्यावर घाईने जमिनी फिरवून घेणाऱ्यांना अभय मिळू नये, म्हणून रेघ तिथे आहे. विधेयकाचं पहिलं पान उघडलं असतंस तरी ही तारीख समोर आली असती.

मंजूर कायदा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी विधेयक, मग समितीचा अहवाल, मग सभागृहातली चर्चा. आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे काय खोडलं?

तुझा दुसरा गोंधळ याच वाटेने सुटतो. 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हिस्सा आहे की नाही, यावर तुला दोन उलट उत्तरं मिळाली आणि तू हबकलीस. आपल्या महाराष्ट्राने 1994 मध्ये या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू आपल्या आधी याच रस्त्याने गेले होते. केरळने तर 1975 मध्ये एकत्र कुटुंबाची ती पद्धतच मोडीत काढली. विधी आयोगाने 2000 साली 174 व्या अहवालात हे सगळे राज्यांचे प्रयोग समोर ठेवून मसुदा केला, आणि आधी लग्न झालेल्या मुली त्यातही बाहेरच राहिल्या. 2004 च्या विधेयकातही त्यांना वगळणारं परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारं वाक्य, होतं. मग विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, आणि ऑगस्ट 2005 मध्ये मंजूर झालेल्या मजकुरात ते परंतुक नाही. एक वाक्य गळलं आणि लग्न झालेल्या असंख्य बायका आत आल्या. राज्याची अट या केंद्रीय दुरुस्तीपुढे टिकली नाही. नुसता आजचा कायदा वाचणाऱ्याला हे कळणारच नाही, कारण गळलेल्या वाक्याची खूण कायद्यात राहत नाही.

आणखी मागे जा. 1948 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने हिंदू कोड बिलात, म्हणजे हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे एकत्र आणणाऱ्या विधेयकात, मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला होता. त्याआधीच्या राव समितीच्या मसुद्यात तो निम्मा होता. मुलग्याचा जन्मसिद्ध हक्कच त्या बिलात उरत नव्हता. बाबासाहेबांनी 1951 मध्ये राजीनामा दिला, बिलाचे तुकडे झाले, आणि 1956 च्या कायद्यात तो हक्क फक्त मुलग्यांसाठी शाबूत राहिला. 2005 ची दुरुस्ती वाचताना 1948 चा मसुदा शेजारी नसेल, तर तू अर्धवट वाचते आहेस.

सभागृहातली भाषणं कोर्टात चालत नाहीत, असं तुला वरिष्ठांनी सांगितलं. एका सदस्याचं भाषण म्हणजे कायद्याचा अर्थ नव्हे, इतपत ते खरं आहे. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याच्या शब्दाला वजन असतं, मागच्या बाकावरून मारलेल्या शेऱ्याला नसतं. पण तेवढ्यावर सगळा इतिहासच टाकून द्यायचा? 1984 मध्ये अंतुले प्रकरणात आमदार हा लोकसेवक आहे का हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायद्याआधीचे समित्यांचे अहवाल पाहणं योग्य ठरवलं. 2018 मध्ये कल्पना मेहता प्रकरणातल्या घटनापीठाने संसदीय समित्यांच्या अहवालांचा आधार घ्यायला परवानगी दिली. हे वरिष्ठांना सांग. नम्रपणे, पण सांग.

मलाही हेच ऐकवलं गेलं होतं. एका ठिकाणी माझ्यावर ‘काम अडवून ठेवतो’ असा शेरा बसला, कारण विधेयक हाती आल्याशिवाय मी मत द्यायला तयार नव्हतो. बढती गेली. आजही मी तसाच अडून बसेन. ज्या बाईचा हिस्सा त्या मतावर ठरणार होता, तिच्यापुढे माझी बढती किती मोठी? खंत वेगळीच आहे. 1994 साली सभागृहात बसलेले कितीतरी सदस्य आता नाहीत, आणि त्यांचे कागद बहुतेक घरांतून रद्दीत गेले. छापील कार्यवाहीत जे आलं नाही, ते आता विचारायचं कुणाला?

म्हणून राज्याच्या बाबतीत जास्त चिकाटी लागते. संसदेच्या चर्चा डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात. आपल्याकडे विधानमंडळाच्या कार्यवाहीचे खंड आणि शासनाचं राजपत्र चाळावं लागतं. राजपत्रात विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं, ते आधी गाठ. आणि निवेदनावरही विसंबू नकोस. ते विधेयक मांडताना लिहिलेलं असतं, पुढे काय खोडलं हे त्याला ठाऊक नसतं.

आता काम. 1994 चा राज्याचा कायदा 22 जून 1994 पासून अमलात आल्याचं मानलं जातं. ‘मानलं जातं’ म्हणजे मागची तारीख, आणि मागच्या तारखेला कारण असतं. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, तिथून सुरुवात कर. मग 2004 चं विधेयक, समितीचा अहवाल आणि मंजूर कायदा यांतलं कलम 6 तीन रकान्यांत शेजारी शेजारी लिही. हाताने लिही, चिकटवू नकोस. गळलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढ. शेतजमिनीबाबतचं कलम 4(2) याच दुरुस्तीत वगळलं गेलं, त्याचाही माग काढ.

टिपण झालं की पाठव. प्रश्नचिन्हं असली तरी चालतील, पण प्रत्येकाखाली तू कुठे कुठे शोधलंस ते लिहिलेलं हवं.

तुझे,
सर