गावाच्या हवामानाची नोंद सुरू करताय ना, मग हे आधी बघा

पर्जन्यमापक भिंतीजवळ किंवा झाडाखाली ठेवू नका, झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा नाहीतर आकडा चुकतोच. रोज एकाच वेळी मोजायचं आणि पाऊस नसेल त्या दिवशी पण शून्य लिहायचं, जागा कोरी सोडलीत तर वर्षभराने कळतच नाही की पाऊस नव्हता की तुम्ही मोजलाच नाही. १ मिमी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. थर्मामीटर सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून दीडेक मीटरवर. वारा नसलेल्या निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून येऊन खोलगट भागात साचते, त्यामुळे एकाच गावात वरची वस्ती आणि ओढ्याकाठ यात चांगलाच फरक पडतो, जमलं तर दोन्हीकडे मोजा. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून हवामान बदललं असं लगेच म्हणू नका, सरासरीला ३० वर्षं धरतात.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला, प्लीज. पण "पूर्वी पाऊस जास्त होता का" असं नको, पुराचं पाणी कुठपर्यंत आलेलं, विहीर कधी आटलेली असं विचारा. मला एका आजींनी दाराच्या चौकटीवर बोट ठेवून दाखवलं होतं, मी तिथल्या तिथे टेप लावून उंची वहीत लिहून घेतली.