ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) ध्येयविधानाची गरज असते का, आणि त्यात काय असावे?

मंडळी कशासाठी आहे, हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील 28 व्या अध्यायाच्या 19 व 20 या वचनांत (सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा) आधीच सांगितलेले असल्यामुळे नवे ध्येय शोधण्याची गरज कोणत्याही मंडळीला नाही. मात्र तेच काम आपल्या परिसरात, हाती असलेल्या मनुष्यबळावर येत्या काही वर्षांत कसे करायचे, हे लिहून ठेवणे उपयोगाचे ठरते, विशेषतः पाळक (मंडळीचे धर्मगुरू) बदलतात तेव्हा. ‘देवाचे गौरव व लोकांची सेवा’ एवढेच लिहिले, तर ते सर्वच मंडळ्यांना लागू पडते आणि म्हणूनच अंदाजपत्रक ठरवताना कोणाच्याही कामी येत नाही. उपस्थितीचे आकडे व इमारतीचे बेत (ते इतिवृत्तातच शोभतात) त्यात नकोत. कोणाची सेवा प्रथम करायची आणि त्यासाठी कोणता उपक्रम थांबवायचा, हे त्यातून कळले पाहिजे.