वंशावळीच्या वेबसाइटची वर्षाची वर्गणी भरावी का? निपाणीकडच्या घराण्यापुरतं माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचं मूळ गाव निपाणीजवळ. आजोबा बेळगावात शहापूरला येऊन राहिले. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, असं घरात सांगतात. तुम्ही पुण्यात बसून एका परदेशी वेबसाइटवर फुकटचं खातं काढलंत, नावं भरलीत, आणि आता पणजोबांच्या नावापुढे 'जुळण्या' दिसतायत. त्या उघडायच्या तर वर्षाची वर्गणी, तीही डॉलरमध्ये. भरू का?

आज भरू नका. एक-दोन प्रसंग असे आहेत की तिथे मी स्वतःच भरा म्हणेन, ते पुढे सांगतो. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीवर तरी ते पैसे चिकोडीच्या एसटीला, नकलांच्या फीला आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला द्या.

कारण असं. अशा वेबसाइटवर आपण पैसे मोजतो ते जुने कागद बघायला. अ‍ॅन्सेस्ट्री, मायहेरिटेज, फाइंडमायपास्ट यांच्याकडचा मोठा साठा इंग्लंड-अमेरिकेकडचा: जनगणनेची पानं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जहाजांच्या उतारूंच्या याद्या, वर्तमानपत्रं. इंग्लंडची १९२१ ची आणि अमेरिकेची १९५० ची जनगणना, दोन्ही २०२२ मध्ये नावानिशी खुल्या झाल्या. तिथल्या माणसाला एका बैठकीत आजोबांचं सगळं घर सापडतं ते यामुळे. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय ठेवली आहे, आणि इतक्या वर्षांनी ती खुली करायची अशी सोयही नाही. म्हणजे त्यांचा सर्वांत भरवशाचा कागद आपल्या कामाचाच नाही.

मग जुळण्या कुठून येतात? बहुतेक दुसऱ्या सभासदांनी तिथे मांडलेल्या वंशवृक्षांतून, म्हणजे 'झाडां'तून. आडनाव सारखं, नाव सारखं, साल जवळपासचं, की संगणक जुळणी दाखवतो. सीमाभागात हे फार फसवं आहे. जुन्या मराठी कागदात आडनाव कितीदा नसतंच, 'रामा बिन लक्ष्मण', म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा रामा, एवढंच असतं आणि बायकोच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव. मोडी कागदातला नागू पुढे कन्नड उताऱ्यात नागाप्पा होतो, आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाने केलेलं. पाटील म्हणाल तर दर गावात आहेत. असल्या जुळणीवर 'स्वीकारा' दाबलं की परकं घराणं तुमच्या झाडात येऊन बसतं. एखाद्या सरदार घराण्याशी जोडलेली झाडं तर लोक डोळे झाकून उतरवून घेतात. कागद दिसल्याशिवाय एकही नाव वर चढवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता आपले कागद कुठे आहेत ते बघू. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात लोक अडतात ते इथेच.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. पण त्याआधीही सगळा जिल्हा एका अंमलाखाली नव्हता. इंग्रजी मुलखाच्या मध्येमध्ये संस्थानांची गावं होती. तुमच्या आजोबांचं शहापूर आज बेळगाव शहरातच धरतात, पण १९४८ पर्यंत ते सांगलीकर पटवर्धनांचं होतं. निपाणी इंग्रजी मुलखात, चिकोडी तालुक्यात, आणि तिथून थोडं पुढे गेलं की कोल्हापूर संस्थानातली कागल जहागीर. म्हणून 'निपाणीजवळ' एवढ्यावर भागत नाही बघा. नेमकं गाव कोणतं आणि १९०० च्या सुमाराला ते कोणाच्या अंमलाखाली होतं, हे कळल्याशिवाय कोणत्या दप्तरात हात घालायचा तेच ठरत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड १८८४ चा आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो. घराण्यांची नावं त्यात सापडायची नाहीत, पण तालुके, संस्थानं आणि गावांची मांडणी समजायला तो आधी चाळा.

गाव इंग्रजी मुलखातलं निघालं तर चिकोडीकडचे जमिनीचे कागद तुम्हाला सर्वांत वर नेतील. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर खातेदार वारला की वारसांची नावं लावायला फेरफार पडायचा, आणि त्या एका नोंदीत बापाचं नाव, मुलांची नावं, कधी विधवेचं नाव, मृत्यूचं साल असं सगळं येतं. आजच्या पहाणीवरून, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरून, सर्व्हे नंबर घ्या आणि फेरफार मागे मागे काढत जा. तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममधले जुने कागद स्कॅन करायचं काम कर्नाटक सरकारने 'भू सुरक्षा' नावाने हाती घेतलं आहे, तेव्हा जाण्याआधी तुमच्या गावाचं दप्तर स्कॅन झालंय का ते विचारून घ्या. शेत विकलेलं असलं तरी हरकत नाही, जुने फेरफार दप्तरात राहतातच.

घराण्यात पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा दुसरं कसलं वतन असेल तर आणखी बरं. वतनाचा वारस ठरवायला वंशावळ दाखल करावी लागायची, आणि भाऊबंदांचा तंटा झाला असेल तर दोन्ही बाजूंच्या वंशावळी एकाच फायलीत मिळतात. १८७४ च्या वतन कायद्याखालच्या अशा फायली मी बघितल्या आहेत. भांडणामुळे का होईना, पाच पिढ्या कागदावर आल्या.

त्याशिवाय मराठी शाळेचं जनरल रजिस्टर, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि घरातच कुठेतरी पडलेली नाडकचेरीची (तालुक्याखालच्या महसूल कचेरीची) वंशावळ. जमिनीला वारस लावताना तुमच्या काका-आत्यांपैकी कोणीतरी ती काढलेली असणार. आधी त्यांना फोन करा.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळी सांभाळणारे लोक. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी आणि पलीकडे कागल, गडहिंग्लज, मिरज या पट्ट्यातल्या जुन्या शेतकरी घरांना हे नाव ठाऊक असतं. सुगी झाली की बैल घेऊन यायचे, दारात बसून घराण्याची वंशावळ म्हणायचे, मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांची नोंद वहीत घालायचे, आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचे. कोणती घराणी कोणत्या हेळव्याकडे हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाटलेलं असतं. मूळ कोणत्या गावाहून आलात, देवक काय, भाऊबंद कुठे पांगले, हे ज्या वहीत असतं त्या वहीची नक्कल कोणत्याही वर्गणीत मिळणार नाही. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: 'आपल्या घराण्याचा हेळवी कुठला?' नाव नसलं तरी गाव सांगतील. जाल तेव्हा मान ठेवून जा, त्यांची दक्षिणा आधी ठरवा, वही कोणत्या लिपीत आहे ते विचारा आणि फोटो काढायचा तर परवानगी घ्या. बऱ्याच घरांतली पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली आहे, वह्या माळ्यावर आहेत. या कामाला उशीर करू नका.

एक उणीव मात्र तिथेही आहे. माझ्या पाहण्यातल्या वह्यांत आणि वतनाच्या वंशावळीत मुलींची नावं क्वचित सापडतात. ती तुम्हालाच गोळा करायला हवीत, आत्या-आज्यांकडून, लग्नपत्रिकांतून, सोयऱ्यांच्या घरून. पणजीचं माहेर आज विचारलं नाही तर दहा वर्षांनी सांगायला कोणी उरणार नाही.

पणजोबांच्या पलटणीचं. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते लढाईत मारले गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा, ती पूर्ण मोफत आहे, आणि हिंदी शिपायांच्या कितीतरी नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही दिलेला असतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकातल्या कूतच्या वेढ्यात होत्या, तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. पणजोबा सुखरूप परत आले असतील तर या यादीत नाव नसणार. मग नंबर आणि पलटण घेऊन बेळगाव कॅम्पातल्या मराठा सेंटरला लेखी अर्ज करा, आणि पेन्शनचे कागद घरात शोधा. यातल्या कशालाच वर्गणी लागत नाही.

मोडीबद्दल काळजी नको. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे, कोल्हापूर-सांगलीकडे जाणकार मिळतात. पानामागे दर ठरवा आणि लिप्यंतर मूळ ओळीखाली ओळ असं मागा, नुसता सारांश घेऊ नका. कोल्हापूर संस्थानातलं गाव निघालं तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात या माणसाला बरोबर घेऊनच जा.

आता पैसे केव्हा भरावेत. घरातलं कोणी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तिथेच स्थायिक झालं असेल, तर त्या शाखेसाठी भरा. घराणं ख्रिस्ती असेल किंवा कॅम्पातल्या गोऱ्या, अँग्लो-इंडियन कुटुंबाशी नातं असेल, तरीही. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि फाइंडमायपास्टवर मूळ पानांसकट दिसतात. त्यातही आधी फॅमिलीसर्च या मोफत वेबसाइटवर बघा, १७८६ ते १९४७ च्या भारतातल्या बाप्तिस्म्यांची सूची तिथे आहे. हरिद्वार, कुरुक्षेत्राकडच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंही फॅमिलीसर्चवर फुकट आहेत. तुमच्याकडचं कोणी हरिद्वारला गेलं असेल तर त्याचा उपयोग. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे मात्र स्वतः जाऊन गाव आणि आडनाव सांगून नामावळी काढून घ्यावी लागते.

डीएनए चाचणीचा मोह होईल. त्यात नातेवाईक सापडतात ते चाचणी केलेल्यांतलेच, आणि आपल्या गावांतून कोणी केलेली नसते. त्यात २०२३ मध्ये २३अँडमी या कंपनीकडून लाखो लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माझं मत स्पष्ट आहे, सध्या नको.

भरायचीच वेळ आली तर एका महिन्याची घ्या. काय शोधायचं त्याची यादी आधी तयार ठेवा, सुट्टी बघून घ्या, सापडलेलं प्रत्येक पान उतरवून घ्या, आणि नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते आणि कार्डावरून पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्या झाडात घालू नका, बँका तेच विचारतात.

झाड आजच गेडकॉम फाइलमध्ये (वंशवृक्ष एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून घ्या आणि ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तो फुकट आहे, देवनागरी नीट घेतो. प्रत्येक माणसाचं नाव कागदात जसं आहे तसं, मोडीतलं, कन्नडातलं, इंग्रजीतलं, वेगवेगळं लिहा आणि शेजारी गाव, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर टाका. गावाचं नेमकं नाव इथे कळवलंत तर ते कोणाच्या अंमलाखाली होतं ते मी बघून सांगतो.