६४ एमएमच्या ईडीएफ जेटला ३एस काढून ४एस बॅटरी लावली तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फोमचं, रिमोटवर उडणारं ६४ एमएमचं ईडीएफ जेट आहे (म्हणजे पोटातल्या नळीत विजेवर फिरणारा फॅन, ६४ एमएम हा त्याचा व्यास), ३एस वर (तीन सेलच्या बॅटरीवर) उडतं पण दम वाटत नाही, ४एस (चार सेलची) लावू का आणि फॅन बदलायचा तर कुठला घेऊ, एवढंच विचारलंय तुम्ही. पण शेवटी एक ओळ टाकलीय की मित्र म्हणतो, ४एस ने काही होत नाही, ज्यांचं जळतं त्यांचं सोल्डरिंग कच्चं असतं. त्या एका ओळीपायी लिहायला बसलोय.

माझं चोपड्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटरा, वीस वर्षं झाली हेच काम. जॉइंट मारणं हे माझं पोट आहे. त्यामुळे सोल्डरिंगवर ढकलून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी सरळ उत्तर घ्या. त्याच मोटरवर, त्याच ईएससीवर (बॅटरी आणि मोटरच्या मधलं, मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ४एस लावू नका. सोल्डरिंग चांदीचं केलं तरी लावू नका.

आता माझं काय झालं ते सांगतो. माझ्याकडे मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल आहे, ६४ एमएमच, वजन बॅटरीसकट ७२० ग्रॅम. मिगच घेतलं कारण आमचे नाना, म्हणजे मोठे काका, नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात होते. तो कारखाना १९६४ मध्ये उभाच मिगसाठी राहिला, आणि नानांची सगळी नोकरी मिगच्या ओव्हरहॉलमध्ये गेली. लहानपणी सुट्टीत ओझरला गेलो की डोक्यावरून मिग जायचं आणि खिडक्यांची तावदानं वाजायची, तेव्हापासून ते जेट डोक्यात बसलंय.

२०२२ ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आखाजीला आमच्याकडे सगळं घर गोळा होतं, रस-पुरणपोळी झाली, बायका झोक्यावर, आणि संध्याकाळी साडेपाचला आम्ही सगळे वावरात. गहू काढून वावर मोकळं होतं, शेजारी लगेच दुसऱ्यांची केळी. ऊन उतरलं तरी ४३ डिग्री होतं. ३एस वर पहिला थ्रो केला तर जेट नाक वर करून रांगत रांगत गेलं, जेमतेम उंची घेतली, एक चक्कर मारून मी उतरवलं. माझा चुलत दादा पुण्याहून आलेला, तो माझ्या आधीपासून विमानं उडवतो, त्याने बॅगेतून ४एस काढली आणि म्हणाला, "अरे हिला दमच नाहीये, ही लाव, बघ कशी जाते."

मी म्हटलं दादा, आधी अँपिअर मोजू, वॉट मीटर दुकानात आहे, दहा मिनिटांत आणतो. तो म्हणाला मीटर बघत बसलास तर अंधार पडेल. मोठा भाऊ, वर्षाने घरी आलेला, सगळं घर बांधावर उभं. मी गप्प बसलो. रिमोट त्याच्या हातात दिला आणि जेट मी फेकलं.

खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. सरळ वर गेलं. पोरं ओरडायला लागली. दोन चकरा झाल्या, अर्धा मिनिट झालं असेल नसेल, तिसऱ्या वळणावर एकदम आवाज बंद. ग्लाइड करून उतरवता आलं असतं, पण एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या, ज्यांनी विमान वळतं) पण मेले, कारण रिसीव्हर आणि सर्वोला करंट देणारं बीईसी त्याच ईएससीच्या पोटात असतं, ईएससी गेलं की सगळंच गेलं. वळलेल्या अवस्थेतच जेट केळीत घुसलं.

अंधार पडेपर्यंत शोधलं, मोबाईलच्या टॉर्चवर. ठिबकच्या नळ्या पायात येत होत्या, केळीचा चीक शर्टाला लागला तो डाग अजून आहे. जेट सापडलं तेव्हा डावा पंख बुंध्याला चिकटलेला, नाक दुमडलेलं, बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली आणि हाताला चटका बसेल इतकी गरम. खाली सगळीकडे वाळलेली केळीची पानं. बॅटरी उचलून आधी मोकळ्या वावरात नेऊन ठेवली, मग बाकीचं बघितलं. लोकांच्या बागेला आग लागली असती तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?

आणि दादा सगळ्यांसमोर काय म्हणाला, "तुझं सोल्डरिंग निघालं रे." वडिलांनी ऐकलं, बागवाल्याने ऐकलं. रिवायंडिंगवाल्याचे जॉइंट कच्चे निघाले, ही गोष्ट तालुक्याच्या गावात किती वेळात फिरते ते तुम्हाला माहीत असेल.

रात्रीच दुकान उघडून फ्यूजलाज चिरलं. मोटरच्या तिन्ही वायरींचे बुलेट कनेक्टर पकडीने ओढून बघितले, एक हलला नाही. बॅटरीच्या कनेक्टरचा, एक्सटी६० चा जॉइंट चकचकीत. ईएससीवरची श्रिंक ट्यूब मात्र काळी पडून चिकटलेली, ती कापली तर खाली दोन मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच) फुटलेले, जळक्या वार्निशचा वास, तोच जो मोटर जळल्यावर येतो. दादाला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला, बस.

आता आकडे बघा, कारण तुमच्या मित्राला हेच दाखवायचंय. माझ्या वहीत ३एस चं माप लिहिलेलं होतं, फुल थ्रॉटलला ३१ अँपिअर, १०.९ व्होल्ट, म्हणजे ३३८ वॉटच्या आसपास. ईएससी ४० अँपिअरचं. फॅनचं गणित पंपासारखंच आहे, फेरे वाढले की जोर वर्गाने वाढतो आणि पॉवर घनाने. ३एस वरून ४एस म्हणजे व्होल्टेज १.३३ पट, अँपिअर साधारण १.७८ पट, पॉवर जवळपास २.३७ पट. ३१ चे झाले ५५ अँपिअर. लोडखाली बॅटरी थोडी बसते म्हणून ५० धरा. ४० च्या ईएससीवर ५०, तेही ४३ डिग्रीत, फोमच्या बंद पोटात. ते अर्धा मिनिट टिकलं हेच खूप झालं. यात सोल्डरिंग कुठे आलं, सांगा मला!

आणि गंमत म्हणजे दम कमी असण्याचं कारण बॅटरी नव्हतीच. ते नानांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, मिगच्या तोंडात बोट घालून बघितलं, पुढचा कोन आणि त्याच्या भोवतीची ती बारीक फट, आणि म्हणाले, "आरे, याले हवाच पुरत नही शे." खऱ्या मिगला पोटाच्या बाजूला जादा हवेची दारं असतात, टेकऑफला इंजिन जोरात ओढतं आणि समोरचं तोंड पुरत नाही तेव्हा ती दारं आतल्या ओढीने उघडतात. तुझ्या खेळण्याला ती कुठे आहेत, असं विचारलं त्यांनी.

मी डोक्याला हात लावला. दुकानात रोज शेतकऱ्यांना हेच सांगतो की फूटव्हॉल्व्ह चोक असेल तर पाच एचपी काढून साडेसात बसवून पाणी वाढत नाही, आधी सक्शन बघा. ६४ च्या फॅनचं, मधला हब सोडून, हवा ओढायचं क्षेत्रफळ साधारण २५ चौरस सेंटिमीटर येतं. समोरचं तोंड मी मोजलं तर १४ पण भरत नव्हतं. मग फॅनच्या थोडं पुढे पोटाखाली दोन भोकं पाडली, कडा गोल घासल्या (धारदार कडेवर हवा अडखळते), शेपटीला दोरी बांधून लगेज काट्यावर ओढ मोजली. त्याच ३एस बॅटरीवर, आधी ५६० ग्रॅम होती ती ६३० झाली. सत्तर ग्रॅम फुकट मिळाले. मागचं नोझल फॅनच्या क्षेत्रफळाच्या ८५-९० टक्के ठेवा, जास्त आवळलंत तर वेग दिसतो पण हातातून सुटताना जीव नसतो. डेल्टा पंखाला तर सुटतानाच जीव पाहिजे, कारण जेटमध्ये प्रॉपेलरसारखी हवा पंखावरून जात नाही, वेग येईपर्यंत एलेव्हॉन नुसते हलतात. म्हणून आधी फुल थ्रॉटल, फॅन पूर्ण फिरू द्या, मग फेका. मी आता बंजी (ताणून सोडायची रबरी दोरी) वापरतो, बांधावर खुंटी ठोकून.

तुम्हाला तरीही ४एस च पाहिजे असेल तर मोटर बदला. तुमची ३एस ची मोटर ४३०० केव्हीच्या आसपास असेल (इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे), म्हणजे ११.१ व्होल्टला बिनलोडचे ४७-४८ हजार फेरे. ४एस ला ३२०० केव्ही घेतली की तेवढेच फेरे येतात, पॉवर तीच, पण अँपिअर ३१ च्या जागी २३-२४, वायर गार, ईएससी गार. थोडा जास्त दम हवा तर ३५०० पर्यंत जा आणि ईएससी ६० चं घ्या. बॅटरी ४एस १५०० एमएएचची घ्या, २२०० नको, तिचं वजनच जेट खाली ओढतं. ३एस २२०० मध्ये २४ वॉट-अवर, ४एस १५०० मध्ये २२, फार फरक नाही. फॅन जास्त पात्यांचा घेतला तर आवाज खऱ्या जेटसारखा येतो, जोर मोजून बघितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. कुठल्या कंपनीचा ते मी सांगत नाही, बॅलन्स केलेला असला पाहिजे एवढं बघा, तुमच्या फ्यूजलाजमध्ये कुठला बसतो ते तुम्हालाच मोजावं लागेल.

वॉट मीटर मात्र घ्याच. आपला साधा टाँग टेस्टर एसीचा असतो, तो बॅटरीच्या वायरला लावला तर काही दाखवत नाही, त्यामुळे बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा डीसी मीटर लागतो.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळे आकडे माझ्या जेटचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मोठ्या तोंडाचं जेट असेल तर भोकं पाडायची गरजच नाही. मे महिन्यात ४४ डिग्रीची हवा जानेवारीच्या १२ डिग्रीच्या सकाळपेक्षा साधारण १० टक्के पातळ असते, म्हणजे तुमचा दम उन्हाळ्यातच कमी वाटतोय का ते पण बघा, नाहीतर सकाळी सहाला उडवा. कपाशी वेचायच्या दिवसांत वावरात कापूस उडत असतो, तो फॅनमध्ये गुंडाळतो, दर उड्डाणाआधी आत टॉर्च मारा. ढेकळांच्या वावरात चाकं लावू नका, काळ्या मातीत पुढचं चाक पहिल्याच लँडिंगला जातं, पोटावर उतरवा. टेस्ट करताना फॅनच्या बाजूला उभं राहू नका, प्लॅस्टिकचं पातं तुटलं तर ते आडवं येतं. टायमर साडेतीन मिनिटांचा लावा. आणि ड्रोन नियम २०२१ चा झोनचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर बघून घ्या, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांच्या वर जायचं नाही, जळगावकडे राहत असाल तर विमानतळ जवळ आहे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी नाना टीव्हीसमोरून उठले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, आपलं काढ बाहेर. तेच जेट, तेच जुने बुलेट कनेक्टर, २०२२ ला मीच मारलेले, नवीन ईएससीला तेच लावलेत. चार चकरा मारल्या, नाना खुर्चीवर बसून बघत होते. दादाला व्हिडिओ पाठवलाय. जळालेलं ईएससी दुकानात मीटरच्या बोर्डाखाली खिळ्याला टांगून ठेवलंय, येत्या आखाजीला तो येणार आहे, त्याच्या हातातच देणार.

तुम्ही आता एवढं करा, ३एस वरच फुल थ्रॉटलचे अँपिअर आणि व्होल्ट मोजा, समोरच्या तोंडाचं माप घ्या, आणि ईएससीवर छापलेला आकडा, हे तिन्ही इथेच खाली टाका. मित्रालाही दाखवा.